फाटक ते पोर्च : डांबरी रस्त्याचा कंत्राटदार निवडताना

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर मी लसीकरण, बालदमा, अंगावरचे दूध अशा माझ्या विषयांवर लिहीत आलो. यंदा डांबरी रस्त्यावर लिहीत आहे हे पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे स्वतःचे रुग्णालय आहे, निदान दवाखाना तरी आहे. आणि हमरस्त्यावरील फाटकापासून पोर्चपर्यंतचा तो शंभर-दीडशे फुटांचा तुकडा कधी ना कधी प्रत्येकाला करून घ्यावा लागतो. इमारत, फर्निचर, उपकरणे यांवर आपण महिनोन् महिने विचार करतो आणि हा तुकडा मात्र उरलेसुरले काम म्हणून शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी गळ्यात घालतो. मीही तेच केले. त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्यांना मोजावी लागली, म्हणून हा लेख.

माझे बालरुग्णालय इच्छापोरला, हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. मे २०१८ मध्ये मी आवारातील रस्ता डांबरी करून घेतला. जुलैमध्ये एका रात्री मुसळधार पावसात एक तरुण जोडपे आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन मोटारसायकलवरून आले. मूळचे धुळ्याकडचे, हजिऱ्याच्या एका कारखान्यात कामाला. बाळाला दोन दिवस जुलाब होत होते, डोळे खोल गेले होते. फाटकातून आत वळताच मोटारसायकलचे पुढचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले आणि तिघेही पडले. आईने बाळाला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. पडतानाही तिने ते सोडले नाही. त्यामुळे बाळाला ओरखडाही आला नाही, पण सारा भार तिच्या उजव्या हातावर आला आणि हाताचे हाड मोडले.

बाळाची शीर सापडून सलाईन सुरू झाल्यावर वडील माझ्यापाशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाहेरचा सारा रस्ता नीट आलो. पडलो ते तुमच्या आवारात."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाळ दोन दिवसांत हसू-खेळू लागले. आईच्या हाताला मात्र दीड महिना प्लॅस्टर राहिले आणि त्या काळात स्वतःच्या बाळाला उचलून पाजणेही तिला एकटीला जमत नसे. उपचारांचा खर्च मी केला. पण तो काही त्या वाक्याचे उत्तर नव्हे.

चूक कोठे झाली?

रस्ता करण्यापूर्वी मी तीन कोटेशने मागविली होती. त्यांतील सर्वांत कमी दराचे निवडले आणि घासाघीस करून तो दरही आणखी उतरविला. कोटेशन अर्ध्या पानाचे होते : 'डांबरी रस्ता करून देणे', क्षेत्रफळ, चौरस फुटाचा दर आणि एकूण रक्कम. थराची जाडी किती, खाली काय घालणार, उतार कोणीकडे, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता. कंत्राटदाराने मला फसविले असे मी म्हणणार नाही. त्याने काही लिहून दिले नव्हते आणि मी काही विचारले नव्हते. मी दरातून जे कापले, ते त्याने जाडीतून कापले, इतकाच हा व्यवहार होता. ताप उतरविण्याचे औषध मागणाऱ्या पालकांना आधी दहा प्रश्न विचारणारा मी; येथे मात्र तपासणीविना चिठ्ठी लिहून घेतली होती.

माझ्या एका बालरुग्णाचे आजोबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. पाऊस उघडल्यावर मी त्यांना रस्ता दाखविला. त्यांनी माळ्याकडून पहार मागविली आणि खड्ड्याशेजारी हातभर रुंदीचा भाग उकरायला लावला. वरचा काळा थर बोटाच्या एका पेराहून कमी निघाला. त्याखाली मातीने बरबटलेली थोडी खडी होती आणि तिच्याखाली लगेच आपली काळी माती, लोण्यासारखी मऊ झालेली. "डॉक्टर," ते म्हणाले, "रस्ता वरून फाटत नाही, खालून खचतो. तुम्ही वरचा रंग विकत घेतलात."

पुढे काकांकडून मी जे शिकलो आणि नव्या कामाच्या वेळी जे अनुभवले, ते क्रमाने मांडतो.

आधी जमीन समजून घ्यावी

आपल्या भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात मोकळ्या जागी हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो. त्याच भेगा पावसाळ्यात मिटतात आणि जमीन वर येते. तिच्यातील मातीचे कण पाणी आपल्या पापुद्र्यांत साठवून घेतात, हे त्याचे कारण. अशा हलत्या जमिनीवर अंथरलेला पातळ डांबरी थर पहिल्या वर्षी तडकतो. तडीतून पाणी आत जाते. माती आणखी मऊ होते. आणि चाकाचा भार आला की खड्डा पडतो. सुरतेला वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे आपल्या रस्त्याचा खरा शत्रू वाहन नसून पाणी आहे.

यावर उपाय जुनाच आहे. काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढावी आणि तिच्या जागी चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून, रोलरने दाबून भरावा. त्यावर खडीचा पाया, तोही थरांत दाबलेला. त्यावर डांबराची पातळ फवारणी, जिला प्राइम कोट म्हणतात, आणि मग डांबरमिश्रित खडीचा गरम थर. माझ्याकडे दुसऱ्या वेळी सुमारे दीड फूट खोदले : दहा इंच मुरूम, सहा इंच खडी आणि वर दीड इंच डांबरी थर. या साडेसतरा इंचांपैकी डोळ्यांना दिसतो तो वरचा दीड इंच. कंत्राटदाराची परीक्षा उरलेल्या सोळा इंचांत असते.

काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक का नाही, असे कोणी विचारील. दोन्ही चांगलेच आहेत. पण काँक्रीटला पाणी मारत बरेच दिवस फाटक बंद ठेवणे मला शक्य नव्हते आणि काळ्या मातीवर पायात कसर राहिली तर ब्लॉकही खाली-वर होतात. पाया चुकला तर वरचा पदार्थ कोणताही असो, निकाल सारखाच.

पुण्याचे उदाहरण

कंत्राटदाराच्या निवडीवर रस्त्याचे आयुष्य किती अवलंबून असते, याचे मराठी माणसाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे पुण्याचा जंगली महाराज रस्ता. १९७० च्या दशकात पावसाने शहरातील रस्ते उखडल्यावर महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी पुढाकार घेतला आणि हे काम मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीकडे सोपविले. अट अशी की, दहा वर्षांत रस्ता बिघडला तर कंपनीने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा. १ जानेवारी १९७६ रोजी तो रस्ता खुला झाला. दहा वर्षांची हमी संपली, त्यानंतरही दशके उलटली, तरी न खचणारा रस्ता म्हणून त्याचे नाव पुणेकरांच्या तोंडी राहिले.

यातील मर्म हमीच्या कागदात नाही, हमी कधी मागितली यात आहे. काम सुरू होण्यापूर्वीच, पुढची दुरुस्ती आपल्याच खिशातून करावी लागणार, हे ज्याला ठाऊक असते तो पायात कसर करीत नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही, रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली, ती याच विचाराने. आपला रस्ता दीडशे फुटांचा असला तरी हे तत्त्व आपल्यालाही वापरता येते.

तीन कंत्राटदार

दुसऱ्या वेळी, दिवाळीनंतर, मी पुन्हा तिघांना बोलाविले. पहिल्याने जागा न पाहता फोनवरच दर सांगितला. दुसरा आला, टेपने लांबी-रुंदी मोजली आणि संध्याकाळी कोटेशन पाठविले. तिसऱ्याने टेप काढण्यापूर्वी विचारले, "साहेब, पावसाचे पाणी आत्ता कोठून कोठे जाते?" मग त्याने सेप्टिक टँक कोठे आहे, पाण्याची व विजेची लाइन कोठून गेली आहे, पुढे नवी काही टाकायची आहे का, आत येणारे सर्वांत जड वाहन कोणते, हे विचारले. पाण्याचा टँकर येतो हे ऐकून त्याने ते वहीत लिहिले. शेवटी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून फाटक आणि पोर्च यांच्या पातळीतील फरक मोजला.

काका बाजूला उभे होते. तो गेल्यावर म्हणाले, "याने हिस्ट्री घेतली."

त्याचा दर दुसऱ्याच्या दरापेक्षा जवळजवळ चौथाईने अधिक होता. तरी मी त्यालाच काम दिले. परंतु नुसत्या विश्वासावर दिले नाही. आधी पुढील गोष्टी पडताळून घेतल्या.

१. त्याची जुनी कामे पाहिली. गेल्या महिन्यात केलेला रस्ता सर्वांचाच सुंदर असतो. किमान दोन-तीन पावसाळे पाहिलेले काम दाखवा, असे म्हणावे. तेथे कडा तुटल्या आहेत का, फाटकापाशी थर खचला आहे का, हे पाहावे आणि जमल्यास मालकाशी एकट्याने बोलावे.

२. गरम मिश्रण कोणत्या प्लांटवरून आणणार, तो किती दूर आहे आणि रोलर स्वतःचा की भाड्याचा, हे विचारले. रोलर वेळेवर आला नाही तर डंपरमधील माल थंड होतो.

३. काम प्रत्यक्ष कोण करणार, हे विचारले. बोलणी एकाने करायची आणि काम परस्पर दुसऱ्याला द्यायचे, हा प्रकार लहान कामांत सर्रास चालतो. मुरूम दाबताना आणि डांबर टाकताना आपण स्वतः हजर राहू, असे त्याच्याकडून लिहून घेतले.

४. पक्के बिल मागितले. बिलाशिवाय स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याची हमी कोणत्या कागदावर लिहायची?

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना. हजिऱ्याला पोलाद कारखान्यातील स्लॅग वापरून सहा पदरी रस्ता करण्यात आला आणि जून २०२२ मध्ये तो खुला झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामात सुमारे १ लाख टन स्लॅग नैसर्गिक खडीऐवजी वापरली गेली. हा प्रयोग अभिमानास्पद आहेच. पण तेथे वापरलेली स्लॅग प्रक्रिया केलेली होती. कच्च्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो, तो पाण्याने फुगतो आणि वरचा थर उचलतो. कोणी 'कारखान्याची स्लॅग स्वस्तात घालून देतो' म्हणाला, तर ती प्रक्रिया करून मुरवलेली आहे का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

कागदावर काय असावे?

कोटेशनमध्ये प्रत्येक थर वेगळा लिहिलेला असावा : किती खोदाई, किती मुरूम, किती खडी, किती डांबरी थर. जाडी लिहिताना 'दाबल्यानंतरची' हा शब्द अवश्य असावा. रोलर फिरण्यापूर्वी ५० मिलिमीटर दिसणारा थर दाबल्यावर सुमारे ४० मिलिमीटर होतो, आणि याच फरकात पुष्कळांचा नफा दडलेला असतो. डांबराची प्रत लिहून घ्यावी. सामान्य रस्त्यांसाठी आपल्या हवामानात व्हीजी-३० ही प्रत प्रचलित आहे. उतार लिहून घ्यावा : दर मीटरला सुमारे अडीच सेंटिमीटर. म्हणजे चार मीटर रुंद रस्ता एका बाजूला उतरता केला, तर दोन कडांत १० सेंटिमीटरचा फरक पडतो. आणि ते पाणी पुढे कोणत्या गटारात जाणार, हेही त्याच कागदावर यावे.

जाडी तपासायला एक सोपा हिशेब पुरतो. माझा रस्ता ५० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे २०० चौरस मीटर. दाबलेला थर ४० मिलिमीटर, म्हणजे ८ घनमीटर माल. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचे वजन घनमीटरला सुमारे २.३ टन धरले, तर १८ टनांहून थोडा अधिक माल यायला हवा. थर २५ मिलिमीटरचाच टाकला, तर साडेअकरा टनांत काम उरकते. प्रत्येक डंपरबरोबर वजनकाट्याची चिठ्ठी असते. ती मागून बेरीज करायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. पण मी पहिल्या वेळी ती मागितली नव्हती.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. थोडी रक्कम आगाऊ, काही खडीचा पाया पाहून, काही डांबर पडल्यावर, आणि निदान दहा टक्के एक पावसाळा संपल्यावर. चांगला कंत्राटदार या अटीला नाखूश असला तरी नकार देत नाही. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे : ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. आपण हप्ता रखडवायचा आणि त्याने मात्र रोलर वेळेवर आणायचा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

डांबर टाकण्याचा दिवस

फेब्रुवारी २०१९ मध्ये काम झाले. त्या दिवशी मी सकाळची ओपीडी बंद ठेवली. मिश्रण पसरताना त्याचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे आणि ते ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलिंग संपावे, असे काकांनी सांगून ठेवले होते. कंत्राटदाराने स्वतःच थर्मामीटर आणला होता, आणि तापमापकाशी आयुष्य घालविलेल्या मला ते पाहून बरे वाटले. थर्मामीटर नसला तरी डोळे पुष्कळ सांगतात. मालातून निळसर धूर निघत असेल तर डांबर जळले आहे. माल निस्तेज, तांबूस आणि गोळे झालेला असेल तर तो थंड झाला आहे. दोन्ही परत पाठवावेत. खडीच्या पायावर धूळ किंवा ओल असताना डांबर टाकू देऊ नये. रोलर सखल कडेकडून उंच कडेकडे सरकत जावा आणि त्याच्या चाकांना माल चिकटू नये म्हणून पाणी लावावे, डिझेल नव्हे. डिझेल डांबर विरघळवते. याच कारणाने पुढेही गाड्यांचे तेल गळत असलेली जागा लवकर धुऊन घ्यावी.

दुसऱ्या दिवशी काकांनी शेवटची तपासणी केली. पाण्याचा टँकर मागवून फाटकापाशी पाणी सोडायला लावले आणि सगळे खुर्च्या टाकून बसले. एका ठिकाणी, पोर्चच्या अलीकडे, ताटाएवढे पाणी साचून राहिले. कंत्राटदाराने वाद घातला नाही. तेवढा तुकडा चौकोनी कापून काढला आणि पुन्हा भरला. माणूस ओळखायची हीही एक वेळ असते : चूक दाखविल्यावर तो काय करतो. ही परीक्षा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येकाने करावी. तिला टँकरभर पाण्यापलीकडे खर्च नाही.

नवा रस्ता झाल्यावर साधारण महिन्याने तेच जोडपे त्याच बाळाला सोळाव्या महिन्याच्या बूस्टरसाठी घेऊन आले. मी खिडकीतून पाहत होतो. फाटकाशी येताच वडिलांनी मोटारसायकल थांबविली, आईला आणि मुलाला उतरविले आणि गाडी ढकलत आत आणली. रस्ता कोरडा होता, दुपारची वेळ होती, तरी त्यांनी तसे केले. मूल आईचे बोट धरून पोर्चपर्यंत चालत आले.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर मी छत्री घेऊन फाटकापासून पोर्चपर्यंत एक फेरी मारतो आणि पाणी कोठे थांबते का ते पाहतो. कडेला दोनदा किरकोळ डागडुजी करावी लागली. खड्डा पडलेला नाही. चौथाईने अधिक दिलेल्या रकमेचा मला आता पश्चात्ताप वाटत नाही. पश्चात्ताप वाटतो तो पहिल्या वेळी वाचविलेल्या रकमेचा.

आपल्यापैकी ज्यांना यंदा हे काम काढायचे आहे, त्यांनी खोदाईला पावसाळ्यानंतर, जमीन सुकल्यावर आरंभ करावा. कंत्राटदार आला की, त्याने पहिला प्रश्न दराचा विचारला की पाण्याचा, एवढे लक्षात ठेवावे. निम्मी निवड तेथेच होते.